गाडी चालवताना येणारा राग: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात गाडी शिकवते, दुचाकी आणि चारचाकी दोन्ही. क्लच आणि गिअरचे प्रश्न लायसन्स मिळेपर्यंत येतात. मग वर्ष-दोन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांचे वेगळे मेसेज येऊ लागतात: आज चौकात हमरीतुमरी झाली, ह्यांच्या गाडीत बसायची भीती वाटते, पोराचं काय करू. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. राग येणं कोणाला थांबवता येत नाही. तो उजव्या मुठीत आणि उजव्या पायात उतरू न देणं मात्र शिकता येतं, जसं ब्रेक मारणं शिकता येतं. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. घरी मी शांत माणूस आहो. गाडीवर बसलो की तोंडात शिव्याच येतात. असं काऊन होते?

दिवाळीच्या आधी सीताबर्डीच्या मेन रोडवर चालून पाहा. दहा जणांचे खांदे लागतात, पायावर पाय पडतो, भांडण होत नाही. धक्का लागला की माणूस वळतो, समोरच्याचा चेहरा दिसतो, "सॉरी भाऊ" म्हणतो आणि पुढे जातो. गाडीवर तो चेहरा दिसत नाही. हेल्मेट असतं, काच असते, उन्हाळ्यात तर डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधलेला असतो. आपल्याला दिसते ती फक्त गाडीची मागची बाजू. मग त्याच्या मनात काय चाललं असेल हे आपणच ठरवतो, आणि वाईटच ठरवतो. त्याने कट मारला तर तो माजलेला. आपण मारला तर आपल्याला उशीर झालेला. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या परिस्थितीत न पाहता त्याच्या स्वभावातच शोधायचं, या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिलं. मराठीत तिला आरोपणाची मूलभूत चूक म्हणता येईल.

मी विद्यार्थ्यांना एक सवय लावते. कोणी कट मारला की त्याच्यासाठी एक कारण तयार करायचं: याची आई मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती आहे, हा डबा घेऊन चालला आहे. ते खरं असायची गरज नाही. आपण मनात भरलेला माजसुद्धा कुठे खरा असतो? मूठ सैल व्हायला तेवढं पुरतं.

२. मला कळतं तोवर भांडण होऊन गेलेलं असतं. राग चढतोय हे आधी कसं ओळखायचं?

मनाला विचारू नका. रागावलेल्या मनाला आपण बरोबरच वाटतो. शरीराकडे पाहा. हँडल आवळलं जातं, दात दातांवर बसतात, खांदे कानांकडे सरकतात. त्यानंतर गाडी सांगू लागते: हॉर्न एकदाच्या जागी तीनदा वाजतो, ब्रेक उशिरा आणि जोरात लागतो, पुढच्या गाडीपासूनचं अंतर कमी होत जातं. यातली सर्वांत खात्रीची खूण अंतर ही आहे. पुढच्याची नंबर प्लेट एकदम मोठी दिसू लागली की समजा, राग पायात उतरला.

प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या जेरी डेफेनबॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गाडी चालवताना राग आणणाऱ्या ३३ प्रसंगांची यादी केली. त्यातून सहा गट निघाले: दुसऱ्यांचे हातवारे, नियम मोडणारे, पोलीस दिसणं, हळू चालणारे, उद्धटपणा आणि रस्त्यातले अडथळे. एक आठवडा घरी पोचल्यावर दोन ओळी लिहा: आज कशाने चिडलो, कुठे चिडलो. बहुतेकांच्या वहीत एक-दोनच गट पुन्हा पुन्हा येतात. माझा गट मला ठाऊक आहे, इंडिकेटर न देता वळणारे. म्हणून लक्ष्मीभुवन चौकाच्या आसपास मी मुद्दाम हळू होते.

३. राग आलाच, तर त्या क्षणी नेमकं काय करायचं?

आधी हात. एका हाताची बोटं ढिली करून पुन्हा धरा, मग दुसऱ्या हाताची. नंतर पाय किंवा मूठ: ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक दाबू नका. पुढची गाडी पुढे जाऊ द्या. ती एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. माझ्या वर्गात आम्ही "सीताबर्डी एक, सीताबर्डी दोन" असं मोजतो. हे म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी आलात तर अंतर कमी आहे. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, आणि रागात तो एक सेकंद कशात गेला हे कळत नाही.

मग श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा-सात मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडायला जास्त वेळ घ्यायचा, कारण त्यानेच हृदयाचे ठोके मंदावतात. डोळे उघडे आणि रस्त्यावर. चार-पाच श्वास झाले की हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणा, "मला राग आला आहे." कोणाला ऐकू जात नाही, पण बोलल्याने फरक पडतो.

अंगात चढलेलं ॲड्रेनलिन लगेच उतरत नाही, काही मिनिटं घेतं. हात थरथरत असतील तर इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, पानठेल्याच्या सावलीत उभे राहा, पाणी प्या. त्या अवस्थेत पुढचा चौक ओलांडू नका.

४. दोन शिव्या देऊन मोकळं झालं की बरं वाटतं. दाबून ठेवलं तर बीपी वाढत नाही का?

दाबून ठेवा असं मी म्हणतच नाही, मी शरीर थंड करायला सांगते. शिवी दिल्यावर बरं वाटतं हे खरं, पण राग तिथे संपत नाही. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे खोल श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी, राग कमी होताना दिसला. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकूण पाहता तो कमी झाला नाही. शिवी, हॉर्न आणि जोरात पिळलेली रेस तिन्ही तापवणाऱ्यांत येतात. शिवाय शिवी समोरच्याला ऐकू गेली की तिथे दोन रागावलेली माणसं आणि दोन गाड्या असतात. त्यापुढचं प्रश्न १० मध्ये आहे.

५. एप्रिल-मे मध्ये माझं डोकं जास्त फिरतं. ऊन खरंच कारण आहे की माझा बहाणा?

बहाणा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स या वाळवंटी शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हिरवा सिग्नल लागला तरी एक गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचे किती हॉर्न मारतात ते मोजायचं. तापमान चढत गेलं तसे हॉर्न वाढत गेले, आणि काचा खाली केलेल्या गाड्यांमध्ये, म्हणजे जिथे बहुधा एसी नव्हता तिथे, हा परिणाम ठळक होता. आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा असताना दुचाकीवर खालून डांबर, वरून ऊन आणि बाजूला बसचं तापलेलं इंजिन असतं. तिथे कोणीही चिडेल.

निघण्याआधी पाणी प्या, तहान लागायची वाट पाहू नका. सुती दुपट्टा ओला करून मानेला बांधा, फक्त त्याचं टोक मोकळं लोंबू देऊ नका, चाकात जातं. सिग्नलवर झाडाची किंवा पुलाची सावली मागे असेल तर तिथेच थांबा, रेषेपर्यंत जायची घाई नको. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या. आणि १२ ते ४ मधलं जे काम टळू शकतं ते खरंच टाळा.

६. मला राग फक्त उशीर झाल्यावर येतो. त्यावर उपाय?

हिशोब करून पाहा. १० किलोमीटर ताशी ४० ने गेलात तर १५ मिनिटं, ५० ने गेलात तर १२. जीव धोक्यात घालून वाचली ती तीन मिनिटं, आणि तीसुद्धा रस्ता मोकळा असेल तर. मनीषनगरहून सदरला जाताना मध्ये इतके सिग्नल आहेत की तुम्हाला ओव्हरटेक करून गेलेला माणूस पुढच्या लाल दिव्यापाशी उभा दिसतो. उशीर घरात झालेला असतो. तो रस्त्यावर भरून काढायला गेलो की प्रत्येक माणूस अडथळा वाटतो. निघताना साहेबांना किंवा बायकोला "दहा मिनिटं उशीर होईल" असा मेसेज टाका आणि मग गाडी सुरू करा. ओझं तिथेच अर्धं उतरतं.

७. सिग्नल पाच सेकंदांवर आला की मागचे हॉर्न सुरू करतात. तेव्हा काय करायचं?

आरशात एकदा पाहा. ॲम्ब्युलन्स नसेल तर जागेवर राहा. मागे वळून पाहू नका, हातवारे करू नका. वळून पाहिलं की त्याला वाटतं तुम्ही उत्तर दिलं. कॅलिफोर्नियात केलेल्या आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं होतं की हिरव्या सिग्नलवर जुनी, स्वस्तातली गाडी थांबून राहिली तर लोक तिला लवकर हॉर्न मारतात, महागड्या गाडीसाठी जास्त वेळ थांबतात. म्हणजे हॉर्न मारणारा हिशोब करून मारतो, तेव्हा तो स्वतःला आवरूही शकतो. तुमच्याही बाबतीत हे खरं आहे: स्कुटीवर बसलेल्या पोरीला जितक्या सहज हॉर्न मारता, तितका एसयूव्हीला मारता का? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्नसाठी पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड ठेवला आहे.

८. तो रॉंग साइडने येतो, मी बरोबर. मग मीच काऊन सरकायचं? अशानेच यांची हिंमत वाढते.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा राग मला पटतो. नियम पाळणाऱ्याला इथे रोज मूर्ख ठरवलं जातं. चुकीच्या दिशेने गाडी चालवणं कायद्यात धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, १८४ मध्ये, येतं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही म्हणता तो गुन्हाच आहे.

पण रस्त्यावर तुमच्या हाताखाली काय आहे ते पाहा. तुमच्या हाताखाली गाडी आहे. चालान नाही, न्यायालय नाही. तुम्ही सरकला नाहीत तर तो शिकत नाही, दोघे पडता. बरोबर असलेल्या माणसाचंही हाड मोडतं, आणि ऑर्थोपेडिक वॉर्डात चूक कोणाची होती हे विचारून प्लास्टर घालत नाहीत. सरकणं म्हणजे त्याला मान्यता देणं, हा अर्थ आपण लावलेला आहे. खड्डा आला की आपण सरकतोच ना? खड्ड्याची हिंमत वाढली असं कोणाला वाटत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं सांगते. कितीतरी वर्षांपूर्वी वर्धा रोडवर छत्रपती चौकाच्या पुढे एका कारने मला कट मारला. चूक शंभर टक्के तिची. मी तिच्या मागे लागले. अजनी चौक कधी आला कळलं नाही. मधले सिग्नल लाल होते की हिरवे, मला आजही आठवत नाही. तेव्हा मी दिवसाला आठ जणांना सिग्नल पाळायला शिकवत होते. चुकीची सुरुवात तिने केली, पण पुढचा सगळा रस्ता मी चालवलेला होता, आणि त्या रस्त्यावर माणसं चालत होती.

ज्या जागी रोज रॉंग साइड चालते तिची लेखी तक्रार वाहतूक शाखेकडे करा, वेळ आणि फोटो लावून. दुभाजक कुठे तोडला आहे, यू-टर्न किती लांब आहे, तेही लिहा. पुष्कळदा लोक रॉंग साइडने येतात कारण दुभाजकातला पुढचा कट फार दूर असतो. तो राग कागदावर जास्त उपयोगी पडतो. मीही तक्रारी केल्या आहेत, काहींचं उत्तर आलं नाही, एका ठिकाणी मात्र दुभाजक दुरुस्त झाला.

९. मी मुलगी आहे. स्कुटीवरून जाताना मुद्दाम कट मारतात, काहीबाही बोलतात. "शांत राहा" म्हणजे सहन करायचं का?

नाही. तुझा राग योग्य आहे आणि तो गिळायचा नाही. प्रश्न १ मधली कारण तयार करायची युक्ती इथे लागू नाही, कारण इथे हेतू खरोखर वाईट आहे. चुकून मारलेला कट आणि त्रास द्यायला मारलेला कट यांत फरक असतो, तो एका प्रसंगात कळतो: चुकणारा पुढे निघून जातो, त्रास देणारा हळू होऊन पुन्हा बाजूला येतो.

बाजूला आला की त्याच्याशी बोलायचं नाही आणि वेगही वाढवायचा नाही. वेग वाढवलास तर तू पडशील. गर्दीच्या, उजेडाच्या ठिकाणी वळ: पेट्रोल पंप, दवाखाना, मेट्रो स्टेशन. तिथे थांबून ११२ लाव. गाडीचा नंबर मोठ्याने म्हण, म्हणजे लक्षात राहतो. महिलेला उद्देशून अश्लील शब्द किंवा हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, पाठलाग कलम ७८ खाली. घरी सांग. गाडीच काढून घेतील या भीतीने पुष्कळ मुली गप्प बसतात, म्हणून आई-वडिलांनाही सांगते: त्रास देणाऱ्याची शिक्षा मुलीच्या स्कुटीला देऊ नका.

१०. समोरचा मागे लागला किंवा गाडी आडवी लावून उभा राहिला तर?

मागे लागला असेल तर घरी जाऊ नका, त्याला घर कळतं. पोलीस ठाण्याकडे किंवा गर्दीकडे वळा. कारमध्ये असाल तर काचा वर, दारं लॉक, इंजिन सुरू. थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील इतकं अंतर ठेवा, म्हणजे बाहेर काढायला जागा राहते. उतरू नका. उतरणं हा भांडणाला दिलेला होकार आहे, मग तोंडाने काहीही म्हणा. ११२ लावा आणि चौकाचं नाव सांगा.

दुचाकीवर काच नसते. तिथे हेल्मेट काढू नका, गाडीवरून उतरून त्याच्याकडे चालत जाऊ नका, दोन्ही हात दिसतील असे ठेवा आणि एकच वाक्य म्हणा: "भाऊ, चुकलं असेल, जाऊ द्या." ते खरं नसलं तरी म्हणा. त्या क्षणी तुम्हाला खटला जिंकायचा नसतो, घरी जायचं असतं. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ चा आणि धमकी हा कलम ३५१ चा गुन्हा आहे, त्याची तक्रार नंतर शांतपणे करता येते.

११. गाडीला गाडी लागली, लोक जमले, सगळे ओरडू लागले. अशा वेळी डोकं शांत कसं ठेवायचं?

पहिलं वाक्य ठरवून ठेवा, कारण त्या वेळी सुचत नाही. माझं वाक्य आहे, "कोणाला लागलं का?" "दिसत नाही का?" ने सुरुवात झाली तर गर्दी दोन गट पाडते. "लागलं का?" ने सुरुवात झाली तर निम्मी गर्दी पाणी आणायला जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोणी जखमी असेल तर १०८. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळतील असं पाहणं चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर आला तर त्या कलमातच सूट आहे, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, २४ तासांच्या आत तरी, खबर द्यावीच लागते. जखम नसेल तर दोन्ही गाड्यांचे आणि रस्त्याचे फोटो घ्या, गाड्या बाजूला करा, नंबर घ्या. कोणाची चूक हे तिथे ठरवू नका. बंपरचे पैसे विमा कंपनी बघेल.

१२. चूक माझीच होती. समोरचा शिव्या देत होता. मी काय करायला हवं होतं?

हात वर करायचा, उघडा पंजा, डोकं थोडं झुकवायचं. एवढंच. कारण सांगायला जाऊ नका, चालत्या रस्त्यावर कारण कोणाला ऐकू येत नाही.

१३. नवरा गाडीत फार चिडतो. मी "हळू चालवा" म्हटलं की आणखी चिडतो. मी काय बोलू?

चालू गाडीत काहीच शिकवू नका. "हळू" हा शब्द त्या वेळी टीका वाटतो. त्याऐवजी स्वतःबद्दल बोला: "मला मळमळतंय, दोन मिनिटं थांबता का?" गाडी थांबली की वेग आपोआप शून्य होतो. खरं बोलणं घरी, जेवण झाल्यावर, कधीतरी वेगळ्या दिवशी: "तुम्ही चिडता तेव्हा मला भीती वाटते." तेव्हाही यादी वाचू नका.

मागच्या सीटवर मुलं असतील तर त्यांच्यासाठी बोला. एक सहा वर्षांची मुलगी पार्किंगमध्ये खेळण्यातली गाडी चालवताना बाबांचीच शिवी देत होती. त्या बाबांनी मला स्वतः हे सांगितलं आणि माझ्याकडे दहा दिवस पुन्हा शिकायला आले. आणि रागाच्या भरात मुद्दाम तुम्हाला घाबरवायला वेग वाढवला जात असेल, तर तो गाडी चालवतानाचा राग नाही. ती घरातली हिंसा आहे. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

१४. मुलगा १९ वर्षांचा. एकटा असताना नीट चालवतो, मित्र मागे बसले की कोणाला पुढे जाऊ देत नाही.

त्या वयात मित्रांसमोर मागे राहणं म्हणजे अपमान. लेक्चर देऊ नका, मागे बसणाऱ्या मित्रांना घरी बोलवा, पोहे खाऊ घाला आणि त्यांच्यासमोर सांगा की गाडी तुमच्या नावावर आहे. "मागे बसलेला चिथावतो, पण चालान आणि केस चालवणाऱ्यावर होते" हे मुलापेक्षा मित्रांना जास्त पटतं. वाहन त्याच्या ताकदीबाहेरचं असेल तर बदला. अंबाझरी रोडवर संध्याकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं आपलीच आहेत, हेही त्याला एकदा तिथे पायी फिरवून दाखवा. गाडीवरून दिसणारा रस्ता आणि पायी दिसणारा रस्ता वेगळे असतात.

१५. मी दिवसभर ऑटो चालवतो. तुमचं "टाळा, थांबा" मला परवडत नाही.

बरोबर आहे, दादा. तुमच्यासाठी प्रश्न ३ मधलं पहिलं वाक्य एवढंच कामाचं: बोटं ढिली करा. दिवसातून पन्नास वेळा करा, त्याला वेळ लागत नाही. दुसरं, उपाशी चालवू नका. दुपारी तीनच्या पुढचा राग पुष्कळदा भुकेचा असतो. तिसरं, पैशावरून गिऱ्हाइकाशी वाजलं की लगेच पुढचं भाडं घेऊ नका. तो राग पुढच्या सवारीच्या वाट्याला येतो आणि तिचा काही दोष नसतो.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांनाही हेच. वेळेचा दबाव ॲपने टाकलेला असतो, समोरच्या सायकलवाल्याने नाही.

१६. अधिवेशन, मिरवणुका, मोर्चे. रस्ते बंद झाले की माझा संताप होतो.

हे दिवस आधी माहीत असतात. डिसेंबरात अधिवेशन असलं की विधान भवन आणि झिरो माइलच्या बाजूला मोर्चे येणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते, तेव्हा इतवारी आणि महालमधून चारचाकी काढूच नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे लाखो लोक येतात, कित्येक जण दूर गावांहून. ते वर्षातून एकदा येतात, आपण रोज जातो. त्या दिवशी मेट्रो घ्या किंवा गाडी लांब लावून चाला.

१७. ॲम्ब्युलन्सला वाट देत नाहीत ते पाहून डोकं फिरतं. ओरडलं तर चूक का?

ओरडा, पण आधी तुम्ही सरका. एक गाडी सरकली की मागच्यांना कळतं. वाट न दिल्यास कायद्यात १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तिच्या मागे मागे गाडी घालून पुढे निघू नका.

१८. रस्त्यावर मी गप्प राहिलो. पण रात्री तेच डोक्यात फिरतं, काय बोलायला हवं होतं ते.

तुम्ही रस्त्यावर योग्य केलं, आता तो प्रसंग पुन्हा चालवू नका. चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर राग काढणारे आणखी चिडतात, असं प्रयोगात दिसलं आहे. रात्री मनात त्याला चोख उत्तर देणं हे त्याचंच घरगुती रूप. प्रसंग कोणाला तरी एकदाच सांगा, चार जणांना नको. दर वेळी सांगताना तो थोडा मोठा होतो. मग हाताला काम द्या: भांडी, मेथी निवडणं, गाडी धुणं. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जा. रस्ता बदलला तर तो चौक मनात मोठा होत जातो.

१९. हे सगळं करूनही राग आवरत नाही. आजार असू शकतो का?

असू शकतो. झोप नीट नसणं, दारू, नैराश्य, जुनी चिंता, काही औषधं, यांतलं काहीही रागाच्या रूपात रस्त्यावर दिसू शकतं. वारंवार मारामारीपर्यंत वेळ येत असेल, घरीही वस्तू फेकल्या जात असतील किंवा रागाच्या भरात काय केलं ते आठवत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर आधी फोन करा. तो चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येतं.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट नक्की पाहावी. इन्सुलिन किंवा गोळ्या घेऊन जेवण चुकलं की साखर उतरते, आणि साखर ७० च्या खाली गेल्यावर घाम, थरथर आणि विनाकारण चिडचिड होते. बाजूच्याला वाटतं स्वभाव बिघडला. अशा वेळी श्वासाचे उपाय करत बसू नका. गाडी बाजूला घ्या, चावी काढा, तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा ग्लुकोज पावडर घ्या आणि १५ मिनिटांनी तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. बरं वाटलं की काहीतरी खा आणि डोकं पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत चावी लावू नका. दुचाकीच्या डिकीत साखरेची पुडी कायम ठेवा. उन्हाने वितळणारी चॉकलेटं नकोत.